आवड जिभेची, निवड भट्टीची

भिलाईत कोणाला आवडती बिअर विचारली, तर उत्तर ब्रँडच्या नावाने येते. किंगफिशर, बडवायझर, टुबोर्ग, हेवर्ड्स. फार तर मागे ‘स्ट्राँग’ किंवा ‘माइल्ड’ एवढा एक शब्द जोडला जातो. एल की लागर, हे कोणी सांगत नाही, आणि विचारणाऱ्यालाही ते अपेक्षित नसते. सुपेल्यापासून नेहरूनगरापर्यंतच्या बारमध्ये पहिली सूचना एकच असते: ‘ठंडीवाली लाना.’ थंड असणे हा इथला पहिला निकष. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा या निकषाला नाके मुरडण्यात अर्थ नाही.

पुढच्या पानांत बिअरच्या निरनिराळ्या जातींची, त्यांच्या चवींची आणि चाहत्यांची ओळख आहे. कोणाला गव्हाची हलकी बिअर प्रिय, कोणाला काळी स्टाउट, कोणी आयुष्यभर एकाच लागरशी इमान राखून आहे. ते सगळे वाचण्याआधी एका प्रश्नाची तड लावून घेतलेली बरी. माणूस ज्याला स्वतःची आवड म्हणतो, ती खरोखर किती त्याची असते? भिलाई हे गाव या प्रश्नाच्या तपासणीसाठी चांगले आहे, कारण इथे निवडीचे धागेदोरे उघडे दिसतात.

पहिला धागा बाटलीच्या लेबलावरच आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटलीवर ती कोणत्या राज्यात विकायची हे छापलेले असते. भिलाईच्या बाटलीवर छत्तीसगड आणि अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या नागपूरच्या बाटलीवर महाराष्ट्र. आतला माल एकाच कंपनीचा, नाव एकच, तरी ही बाटली त्या राज्याची नव्हे. देशात २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, पण पिण्याची दारू त्यातून बाहेर ठेवली गेली. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कर वेगळा, परवाना वेगळा, ब्रँडची नोंदणीही वेगळी. एखाद्या छोट्या कारखान्याला दहा राज्यांत बिअर विकायची असेल, तर त्याने दहा वेळा दारे ठोठावायची. मोठ्या कंपन्यांना ते परवडते. मुंबई-पुण्याच्या माणसाला सहज मिळणारी एखादी एल भिलाईत दिसत नाही, त्यामागे भिलाईकरांच्या जिभेचा दोष नाही.

छत्तीसगडातला कारभार याहून एक पाऊल पुढे आहे. १ एप्रिल २०१७ पासून इथली किरकोळ दारूविक्री सरकारने आपल्या हाती घेतली आणि त्यासाठी छत्तीसगड स्टेट मार्केटिंग कॉर्पोरेशन काढले. महाराष्ट्रात गल्लीच्या तोंडाशी ‘बिअर शॉपी’ची पाटी असते, काचेच्या फ्रिजमधल्या बाटल्या न्याहाळत गिऱ्हाईक दोन मिनिटे रेंगाळते आणि दुकानदार ‘हा नवीन आलाय, बघा’ म्हणतो. भिलाईत माणूस ‘भट्ठी’वर जातो. दारूच्या दुकानाला छत्तीसगडी बोलीत हेच नाव आहे, आणि पोलादाच्या गावात ते शोभूनही दिसते. तिथे जाळीच्या आडून पैसे द्यायचे आणि असेल ती बाटली घ्यायची. मागे रांग, त्यात कोणी आपल्या कॉलनीतला निघू नये ही धाकधूक. अशा जागी ‘गव्हाची आहे का, जरा कमी कडवट?’ असे विचारणारा माणूस हास्यास्पद ठरतो.

गंमत म्हणजे भिलाईतल्या बाटलीवर ज्या कायद्याचा अंमल आहे, त्याचे मूळ नागपूरच्या राजवटीत आहे. मध्य प्रांताचा आबकारी कायदा १९१५ चा. तेव्हा भिलाई ज्यात येते त्या दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चाले, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो तसाच चालला. पुढे तोच कायदा मध्य प्रदेशाचा झाला आणि २००० साली वेगळे राज्य झाल्यावर छत्तीसगडचा. नागपूर मात्र महाराष्ट्रात येऊन १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली गेले, ज्यात पिणाऱ्यालाही परवाना लागतो. विदर्भातून भिलाईच्या कारखान्यात आलेल्या मराठी कुटुंबांना हा फरक लग्नकार्याच्या निमित्ताने कळतो. दुर्गहून गाडी डोंगरगड, गोंदिया, नागपूर करत वर्ध्याला पोहोचते आणि तिथे सेवाग्रामच्या पुण्याईने कित्येक दशकांपासून दारूबंदी. एकाच रेल्वेमार्गावर, एका दिवसाच्या प्रवासात, बिअर सरकारी माल होते, खासगी दुकानातली वस्तू होते आणि गुन्हाही होते.

आता जातींकडे वळू. बिअरची ढोबळ वाटणी दोन घराण्यांत होते, आणि ती रंगावर किंवा कडूपणावर नसून यीस्टवर आहे. एलचे यीस्ट ऊबदार हवेत, साधारण १५ ते २४ अंशांत, झपाट्याने काम करते आणि जाता जाता फळांचे, लवंगेचे, कधी केळ्याचे गंध सोडून जाते. लागरचे यीस्ट ७ ते १३ अंशांत संथपणे आंबवते आणि नंतर बिअर गोठणबिंदूच्या जवळपास काही आठवडे मुरत ठेवतात, म्हणून तिची चव स्वच्छ, कोरडी आणि आटोपशीर. १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सेन गावी जोसेफ ग्रोल या बव्हेरियन माणसाने सोनेरी लागर बनवली. तिच्या नकलांनी पुढे जग व्यापले. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने लागरचे शुद्ध यीस्ट वेगळे काढले. कार्ल फॉन लिंडेच्या शीतयंत्रांमुळे ती बारमाही बनवता येऊ लागली. लागरच्या यीस्टचा एक पूर्वज कोण, हे कोडे मात्र २०११ पर्यंत सुटले नव्हते. तो सापडला थेट अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या जंगलात, झाडावरच्या गाठींमध्ये.

म्हणजे भारतासारख्या देशात नैसर्गिकरीत्या एल व्हायला हवी होती आणि लागर अशक्य होती. झाले उलटे. इंग्रजांच्या काळात सुरुवातीला पेल एल विलायतेहून जहाजाने येई. लंडनच्या हॉजसनचा माल अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे प्रसिद्ध होता, नंतर बर्टनच्या ऑलसॉपने त्याच्यावर मात केली. हॉप्स या कडवट फुलांचा हात सढळ असलेली हीच बिअर पुढे इंडिया पेल एल (आयपीए) म्हणून मिरवू लागली. आज जगभर क्राफ्ट बिअरचे दुकान आयपीएशिवाय उघडत नाही, आणि ज्या देशाचे नाव तिला चिकटले त्या देशातल्या बहुसंख्य पिणाऱ्यांनी ती चाखलेली नाही. इथे बिअर बनवायची तर थंड हवा हवी, म्हणून एडवर्ड डायरने १८५५ मध्ये कसौलीला कारखाना काढला, मग सोलन, मग मरी. मैदानातल्या गावांनी वाट पाहिली ती यंत्राच्या बर्फाची. तो आला तेव्हा जगाचा कल लागरकडे झुकला होता, आणि भारतानेही लागर उचलली.

तीही हळूहळू ‘स्ट्राँग’ झाली. देशात खपणाऱ्या बिअरपैकी चार पंचमांशांहून अधिक बिअर या वर्गातली आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली नेहमीची आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. ही निवड चवीची आहे असे समजणे भाबडेपणाचे होईल. दोन्ही बाटल्या ६५० मिलिलिटरच्या, किमतीत थोडाच फरक, मग त्याच पैशांत जास्त काय मिळते याचा हिशेब गिऱ्हाईक करणारच. तो हिशेब कंपन्यांनीही केला. स्ट्राँग बिअरमध्ये बार्लीच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर घालून मद्यार्क चढवला जातो, अंग पातळ राहते आणि मागे एक गोडसर, किंचित स्पिरिटची छटा उरते. त्या छटेवर उपाय म्हणूनच ती बर्फासारखी गार प्यायची असते. थंडीने गंध उडेनासे होतात आणि जीभही बधिर होते. ‘ठंडीवाली’ या मागणीत हवामानाइतकाच हा व्यवहार आहे.

याच मुलखात २०१६ साली एक वेगळी गोष्ट घडली. भिलाईला खेटून असलेल्या दुर्गमध्ये सोना बेव्हरेजेसचा बिअरचा कारखाना आहे. तिथून प्रभतेज सिंग भाटिया यांनी ‘सिंबा’ हा ब्रँड बाजारात आणला. लागरबरोबर त्यांनी विट आणि स्टाउटही बाटलीत भरली. विट म्हणजे बेल्जियन धाटणीची गव्हाची एल, धुरकट पिवळी, धणे आणि संत्र्याच्या सालीचा वास असलेली. स्टाउट भाजलेल्या बार्लीची, कॉफीच्या वळणाची, काळी. त्यावेळी भारतात बाटलीबंद स्टाउट हे अप्रूप होते. दिल्ली, गोवा, बंगळुरूच्या बारमध्ये सिंबा मागणाऱ्या तरुणांपैकी कितींना ती दुर्गहून येते हे ठाऊक असेल, सांगता येत नाही. सिंहाच्या चित्राखाली शिवनाथ नदीकाठचा जिल्हा कोण शोधतो?

पोलादाच्या गावाला स्वतःची बिअर असणे ही जगात नवी गोष्ट नाही, आणि इथे थोडे थांबायला हवे. जर्मनीतल्या डॉर्टमुंडची ओळख कोळसा, पोलाद आणि बिअर अशी तिहेरी होती. तिथली ‘एक्स्पोर्ट’ ही लागर पिल्सेनपेक्षा जरा भरीव, कमी कडवट; खाणीतून आणि भट्टीवरून घामाघूम होऊन आलेल्या माणसाला पोटाला आधार वाटेल अशी. इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये १९४८ साली ‘स्टोन्स बिटर’ निघाली, ती डॉन खोऱ्यातल्या पोलाद कामगारांसाठी. अमेरिकेतल्या पिट्सबर्गची बिअर तर नावानेच ‘आयर्न सिटी’, १८६१ पासूनची. तिथे पाळी सुटली की व्हिस्कीचा एक पेला आणि मागून बिअर हा रिवाज. भट्टीचे काम अंगातले पाणी आणि मीठ काढून घेते, आणि या गावांनी त्याला उत्तर म्हणून तहान भागवणाऱ्या, एकापाठोपाठ पिता येतील अशा बिअर घडवल्या.

भिलाईत तसे घडले नाही. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले आणि धानाच्या शेतांमधून दहा लाख टनांचा कारखाना उभा राहिला. सेक्टरांची वसाहत, शाळा, दवाखाना, सगळे आराखड्यात होते. पब नव्हता. भट्टीसमोरच्या माणसाला मीठ घातलेले लिंबाचे पाणी मिळे, आणि देशभरातून आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या शेजारात पिणे ही झाकून ठेवायची बाब राहिली. शिफ्ट सुटल्यावर कामगार सायकलींचे लोंढे घेऊन घराकडे वळत, बारकडे नव्हे. जे पीत ते आडोशाने, भरभर. भरभर पिणाऱ्याला चवीच्या छटांशी काय देणेघेणे? त्याला स्ट्राँगच सोयीची.

म्हणजे एकाच धंद्याच्या घामातून डॉर्टमुंडला एक चव मिळाली आणि भिलाईला दुसरी, कारण मधला समाज वेगळा. हे डॉर्टमुंडचे कौतुक समजू नये. तिथल्या पोलादाच्या शेवटच्या भट्ट्या २००१ मध्ये थंडावल्या, बरीच यंत्रे उचलून चीनला गेली, एक्स्पोर्टचा खप त्याआधीच घसरला होता आणि युनियन ब्रुअरीच्या जुन्या मनोऱ्यात आता कलादालन आहे. भिलाईच्या भट्ट्या अजून पेटत्या आहेत.

शिवाय या प्रदेशाला धान्याच्या मद्याची ओळख साहेबाने करून दिली, असेही नाही. बस्तरमध्ये लांदा पितात. तांदळाचे पीठ वाफवून त्यात मोड आणलेल्या धान्याचे पीठ मिसळायचे आणि आंबू द्यायचे. दाट, आंबट, पांढुरके पेय तयार होते. मोड आणण्यामागचे शास्त्र बार्लीच्या माल्टचेच आहे: कोंब फुटताना धान्यात जी पाचके तयार होतात, ती पिठाची साखर करतात. सरगुजा-जशपूरकडे हंडिया, तिच्यात औषधी मुळ्यांच्या गोळ्या यीस्टचे काम करतात. सल्फी धान्याची नाही, झाडाची. कोकणात ज्याला भेर्ली माड म्हणतात त्याच झाडाचा रस, सकाळी गोड आणि दुपारी चढणारा. मोहाची गाळलेली दारू हा निराळा विषय. आदिवासींना घरगुती वापरापुरती सवलत कायद्याने दिलेली आहे. हॉप्स सोडले तर लांदा ही ऊबदार हवेत आंबवलेली एलच म्हणायला हवी, आणि छत्तीसगडच्या धानाला तिच्याइतके जवळचे कोणतेच पेय नाही. तरीही शहरी बारच्या यादीत तिला जागा नाही. गोव्यात, पुण्यात क्राफ्ट बिअर बनवणारे कोकम, आंबा, ज्वारी-बाजरी वापरून पाहतात. भिलाई-रायपूरच्या कोणी लांद्याकडे आदराने बघितले, तर या पुस्तकाला पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवावे लागेल.

महाराष्ट्रातही आवड पुरवठ्यानेच घडली. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज परिसरात मोठ्या कंपन्यांचे कारखाने एकवटले, जायकवाडीच्या पाण्यावर. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांच्या पाण्यात कपात केली, तेव्हा बिअरच्या बाटलीत मुख्यतः पाणीच असते हे अनेकांच्या प्रथम ध्यानात आले. मुंबईची एक पिढी लंडन पिल्सनरवर वाढली, गोव्यात छोट्या बाटलीतल्या किंग्जचे भक्त आजही हळवे होतात. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने आपली बिअर आपल्याच जागेत बनवून ताजी द्यायला सुरुवात केली आणि गिऱ्हाइकाला प्रथमच पाच-सहा नळ शेजारी शेजारी दिसले. तुलना करायला मिळाली तेव्हा आवड बोलू लागली. गव्हाची हवी, सफरचंदाची हवी, कडू नको. ही वाक्ये त्यानंतरची.

ब्रँडच्या निष्ठेबद्दल एक जुना प्रयोग इथे सांगायला हवा. १९६४ साली अमेरिकेत अ‍ॅलिसन आणि ऊल या दोघांनी नेमाने बिअर पिणाऱ्यांना लेबल काढलेल्या बाटल्या दिल्या. आपला आवडता ब्रँड त्यांना धड ओळखता आला नाही, सगळ्या बाटल्यांना गुणही जवळपास सारखेच पडले. मग तीच बिअर लेबलांसह दिली, तेव्हा ज्याचा त्याचा ब्रँड वरचढ ठरला. हा प्रयोग भिलाईच्या गच्चीवर दोन स्ट्राँग लागर घेऊन करून पाहिला तर मैत्रीत वितुष्ट येण्याचा संभव आहे. पण तिसऱ्या ग्लासात विट ओतली, तर डोळे बांधलेला माणूसही ती वेगळी आहे हे पहिल्या घोटाला सांगेल. फरक जातीत आहे, ब्रँडमध्ये फारसा नाही.

म्हणून चव घ्यायची तर बाटली आधी नीट पाहावी. ६५० मिलिलिटरच्या तपकिरी बाटलीच्या खांद्यावर आणि तळाशी पांढुरकी घासलेली वळी दिसतात. ती बाटली भंगारवाल्याकडून कारखान्यात अनेकदा जाऊन आल्याची खूण. काच तपकिरी असण्याला कारण आहे. हॉप्समधली द्रव्ये प्रकाशाने बिघडतात आणि बिअरला कुबट वास येतो. हिरव्या आणि पांढऱ्या काचेत तो लवकर येतो, आणि उन्हात ठेवलेल्या क्रेटमधल्या बाटलीला उष्णतेचा वेगळा त्रास. फ्रिजमधून काढलेली लागर दोन-चार मिनिटे, एल जरा जास्त वेळ बाहेर ठेवून ग्लासात ओतावी. बाटलीला तोंड लावले की नाकाला काही मिळत नाही, आणि चवीतला मोठा वाटा नाकाचाच असतो. सोबत काय आहे हेही पाहावे. सावजी रस्सा किंवा मिरची भजी असतील तर कडवट आयपीए तिखट आणखी पेटवते. तिथे माल्टची गोडसर किंवा गव्हाची बिअर बरी. स्टाउट भाजलेल्या मटणाबरोबर शोभते, भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर त्याहून.

बिअरने मूतखडा पडतो, ही समजूत भिलाईपासून अकोल्यापर्यंत सारख्याच ठामपणे सांगितली जाते. लघवी वाढते एवढेच खरे. त्यासाठी पाणी पुरते, आणि मद्याने शरीर कोरडे पडते ते वेगळेच. ‘बिअर म्हणजे काय दारू थोडीच’ हेही तसलेच. ८ टक्के मद्यार्काच्या एका मोठ्या बाटलीत व्हिस्कीच्या चार छोट्या पेगांएवढा मद्यार्क असतो.

जे पीत नाहीत त्यांनी हे पुस्तक वाचून प्यायला लागावे, असा हेतू नाही. त्यांना यात इतिहास आणि रसायन पुरेसे मिळेल. जे पितात त्यांना दोन विनंत्या. भट्ठीवर किंवा बारमध्ये एखाद्या वेळी नेहमीचे नाव न घेता दुसऱ्या जातीची बाटली मागून पाहा, नसेल तर नसल्याची नोंद होऊ द्या. मागणीच झाली नाही तर माल येत नाही. आणि पैसे देण्याआधी लेबलावरची भरल्याची तारीख वाचा. बहुतेक बिअर सहा महिन्यांच्या आत प्यायची असते.